दुनळीचा प्रश्न

अण्णांनी आयुष्यात एकदाही मोटारसायकल चालवली नाही. म्हणूनच मोटारसायकलींबद्दलची त्यांची मतं ठाम असत, आणि दर पंधरवड्याला नवी असत.

बेंगळुरूत ज्याला त्याला अण्णा म्हणतात. रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, तुमचा पाय तुडवून पुढे गेलेला माणूसही अण्णाच. पण बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात नुसतं अण्णा म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा: स्टोअरच्या जाळीमागे बसलेला, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि रस्त्यावरून एखादी गाडी गेली की बोलणं अर्ध्यावर सोडून कान टवकारणारा. आम्ही पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवायचो. कामगार बहुतेक बेळगाव-निपाणी-बिदरकडचे, मराठी वाचणारे. अण्णा त्या भागांचे हिशेब ठेवायचे आणि आमच्या कामगार संघटनेचे चिटणीस होते. मी तपासणी विभागात होतो आणि संघटनेत सगळ्यांत तरुण होतो, त्यामुळे सतरंज्या घालणं आणि अण्णांचं शुद्धलेखन तपासणं ही दोन्ही कामं माझ्याकडे आली.

शुद्धलेखन मला येत होतं, कारण मी पत्रकांवर वाढलो. निपाणीत आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. वडील विडी कामगारांच्या सभांची पत्रकं छापून आणत आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवत असे. गणित चुकलं की पान उलटायचो. तिकडे नेहमी ‘विजय आपलाच आहे’ असं लिहिलेलं असे. अशा घरातून आलेल्या मुलाला अण्णा भेटणं हे एका अर्थी ठरलेलंच होतं. ते चिक्कोडीकडचे. बेळगावला कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालेले. ‘ज्या यंत्राच्या भागांची नावं आपल्याला आपल्या भाषेत घेता येत नाहीत, ते यंत्र आपलं होत नाही,’ हे त्यांचं मूलभूत तत्त्व होतं. पिस्टनला ते दट्ट्या म्हणत. ब्रेकला लगाम. क्लचला सुटका. सिलिंडरसाठी मात्र त्यांनी बरेच दिवस विचार केला होता.

“कोशात नळकांडं दिलंय,” ते मला म्हणाले. “पण नळकांडं म्हटलं की फटाक्याची आठवण होते की रे. लोक दचकतील. नळी म्हणावं. कसं शांत वाटतं.”

म्हणून एका सिलिंडरच्या गाडीला एकनळी. दोनची दुनळी. चारची चौनळी. आणि विजेवरच्या गाडीला बिननळी. पुढे जे रामायण झालं ते या शांत वाटणाऱ्या शब्दामुळे झालं.

गाडी चालवता येत नसताना इतकं ज्ञान आलं कुठून, असं कुणी विचारलं की अण्णा दयेने हसत. “मागच्या सीटवरून,” ते म्हणत. “पुढचा माणूस चालवण्यात गुंतलेला असतो. त्याला काय कळणार इंजिन?” त्यांची पद्धत अशी होती: मागे बसायचं, डोळे मिटायचे आणि चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवायचा. इंजिनाची थरथर पायातून आणि सीटवरून सगळ्यांनाच कळते. पण खरं इंजिन, अण्णांच्या मते, चालवणाऱ्याच्या खांद्यात येतं. एकनळीचा खांदा कसा सतत कुरकुरतो, दुनळीचा कसा गुणगुणतो, चौनळीचा कसा गुळगुळीत आणि गर्विष्ठ असतो, हे ते सांगत. रविवारी बसने कोरमंगलाला जाऊन ते एका कॉफीच्या दुकानाबाहेर उभे राहत. तिथे पुण्या-मुंबईकडून आलेली आयटीतली पोरं भारी भारी गाड्या लावून गाड्यांचेच फोटो काढत बसलेली असत. अण्णा एकेकाजवळ जाऊन म्हणत, “एक चक्कर मारता का? मला बसायचंय फक्त. मागं.” त्या पोरांना हा प्रकार इतका नवा होता की कुणी नाही म्हणत नसे. मराठी बोलणारा म्हातारा परमुलखात भेटल्याचा आनंदही असायचा. एकजण चक्कर मारून आल्यावर मांड्या चोळत म्हणाला होता, “अंकल, चार सिलिंडर म्हणजे ड्रीम होतं यार. पण सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये रोज शेगडीवर बसल्यासारखं होतं.” अण्णांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. “चौनळी मोकळ्या रस्त्यासाठी असते बाबा. आणि मोकळा रस्ता तुझ्या बापाला तरी दिसलाय का या गावात?”

घरची गाडी म्हणजे अक्कांची स्कूटर. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. बसवनगुडीतल्या एका शाळेत त्या गणित शिकवत. स्कूटर त्या चालवत आणि अण्णा मागे बसून त्या स्कूटरला नावं ठेवत. “हिला बोलू देते मी,” अक्का मला म्हणाल्या होत्या. हिला म्हणजे अण्णांच्या जिभेला. “यांनी घरात एक गोष्ट ठरवलेली दाखव. फोडणी शेंगतेलाची द्यावी की खोबरेलाची, यावर दोन्ही बाजूंनी बोलतात. तोवर मी वरण उतरवते.”

माणसांचीही ते अशीच वर्गवारी करत. आमचा जनरल मॅनेजर चौनळी: वरच्या वेगात झकास, खालच्या वेगात नुसता गुदमरतो. स्टोअरमधला हमाल एकनळी: धडधड करील, पण चिखलातून बाहेर काढील. आणि मनुष्यबळ खात्यात पुण्याहून नवा आलेला साहेब बिननळी. “आवाजच नाही,” अण्णा म्हणत. “मागं येऊन उभा राहिला तरी कळत नाही.”

या बिननळी साहेबाने कामगारांची बस बंद केली.

बंद केली असं तो म्हणत नसे. ‘रॅशनलाइझ’ केली म्हणे. दुसरी पाळी सुटल्यावर पॅकिंगच्या बाया हमरस्त्याच्या कडेने, लॉऱ्यांच्या उजेडात, आपापल्या खेड्यांपर्यंत चालत जाऊ लागल्या. रिक्षावाले ‘बरल्ला’ म्हणून मान फिरवत. येणार नाही, विषय संपला. दोघीतिघींनी नोकरी सोडली. आम्ही साहेबाकडे गेलो. तो फार गोड बोलला.

“हे बघा, मी पण मराठीच आहे, सो आय टोटली गेट इट. पण ऍक्च्युली ऑफिशियली असं काही रेकॉर्डवरच नाहीये. बसची डिमांड आमच्याकडे आलेलीच नाही.”

“चार अर्ज दिलेत की ओ,” अण्णा म्हणाले.

“ते अर्ज आम्ही रिसीव्ह केलेले नाहीत ना.”

घेतले होते, पण घेतल्याचा शिक्का मारला नव्हता. शिक्का नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे बाया आपल्या हौसेने चालतात. भांडवलशाही फार साधी गोष्ट आहे. तिला फक्त शिक्क्यांची पेटी कुलपात ठेवावी लागते.

मग संघटनेची बैठक झाली. संघटनेची खोली एका बेकरीच्या माडीवर होती. ठराव करताना खालून गरम बनांचा वास यायचा आणि त्यामुळे आमचे ठराव नेहमी थोडे घाईत व्हायचे. त्या दिवशी ठरलं की बस मिळेपर्यंत संघटनेने स्वतःची एक मोटारसायकल घ्यावी. कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला, शहरात लेबर ऑफिसला जायला, आतल्या खेड्यांत कच्च्या रस्त्याने पत्रकं वाटायला, होसूरच्या बाजूला मोठ्या रस्त्याने सभांना जायला. एकच गाडी, सगळ्या कामांची. अण्णा उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. आयुष्यभर ज्या प्रश्नाची ते तयारी करत होते, तो प्रश्न अखेर त्यांना कुणीतरी विचारला होता.

“सर्वोपयोगी गाडी!” ते म्हणाले. “स्वल्प वेळ द्या. घाई करू नका. इंजिन कुठलं, यावर सगळं आहे.”

स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये थोडा. अण्णांच्या तोंडी त्या शब्दाला टोक नव्हतं.

पहिलं पत्रक निघालं एकनळीच्या बाजूने. हलकी, साधी, कुठल्याही खेड्यातला मिस्त्री उघडून दुरुस्त करील, थेंबभर पेट्रोलवर चालेल, चिखलात पडली तर दोन बाया उचलतील. उत्तम पत्रक होतं. सगळ्यांना पटलं. गाडी बघायला जायचं ठरलं, तेवढ्यात अण्णांनी स्वतःच दुसरं पत्रक काढलं: ‘एकनळी: एक पुनर्विचार’. मोठ्या रस्त्यावर ती थरथरते, मागे बसलेल्याचे दात वाजतात, तासाभराने हाताला मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेल्या हाताने कामगार मूठ कशी वळणार? त्यापेक्षा दुनळी बरी. हेही सगळ्यांना पटलं. एवढंच की ज्यांना पहिलं जास्त पटलं होतं त्यांना दुसरं पटेना. खोलीत दोन गट पडले. एकनळीवाले खिडकीकडे बसत, दुनळीवाले दाराकडे. चहा वेगळा येऊ लागला. एकनळीवाले आम्हाला ‘गुळगुळीत’ म्हणत, आम्ही त्यांना ‘खिळखिळे’ म्हणायचो. मी दुनळीवाला होतो आणि तत्त्व म्हणून होतो: दोन दट्ट्ये एकमेकांचा धक्का सांभाळून घेतात, यापेक्षा एकजुटीचं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नव्हतं. ज्या गाडीसाठी हे चाललं होतं ती अजून दुकानात होती. तिच्या नावाने फुटलेली संघटना मात्र जागेवर होती.

एके दिवशी पॅकिंगमधली एक बाई वर आली. बिदरकडची, मोठ्या तोंडाची, चालून चालून चपलेचा अंगठा तुटलेली. तिने दोन्ही गटांकडे बघितलं.

“अण्णा, एक सांगा. गाडी एक घेणार ना?”

“एकच. सर्वोपयोगी.”

“तिच्यावर बसणार किती?”

“दोघं.”

“मग आम्ही बाकीच्या काय तुमच्या पत्रकावर बसून घरी जावं का?”

दाराकडचे आणि खिडकीकडचे प्रथमच एकत्र अण्णांकडे वळले. अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “मुद्दा आहे.” मग त्यांनी तिसरं पत्रक लिहायला घेतलं. त्यात हा मुद्दा नव्हता.

ते तिसरं पत्रक मी इथे देतो, कारण त्याच्यावरून एका माणसाची नोकरी पणाला लागली.

‘बंधुभगिनींनो! एकनळीने आजवर आपली सेवा केली. पण ती थरथरते, आणि थरथरणारीला लांबचा पल्ला साधत नाही. चौनळी बड्या बापांच्या पोरांना शोभते. ती तापते आणि ज्याच्याकडे असते त्यालाच भाजते. आपल्याला हवी दुनळी! पहिल्या ठिणगीला पेटणारी, गर्दीत दबकत जाणारी, हमरस्त्यावर मोकळी सुटणारी. सर्व प्रसंगी कामाला येईल अशी एकच दुनळी संघटनेच्या खोलीवर ठेवली, की साहेबाच्या दारापर्यंत पोहोचायला आपल्याला कुणापुढे हात पसरावे लागणार नाहीत. बस बंद करणाऱ्यांना हेच आपलं उत्तर!’

साहेब म्हणजे लेबर ऑफिसचा साहेब. शुद्धलेखन मी तपासलं होतं आणि ते निर्दोष होतं. फक्त सबंध पत्रकात ‘मोटारसायकल’ हा शब्द नव्हता. अण्णांना तो परका वाटायचा. ‘गाडी’ त्यांनी गाळला, कारण हे तिसरं पत्रक होतं आणि विषय सगळ्यांना ठाऊकच होता. आता मराठीत गाडी स्त्रीलिंगी आहे. आणि बंदूकही.

पत्रकाची एक प्रत बिननळी साहेबाच्या टेबलावर गेली. कारखान्यात मराठी वाचता येणारा अधिकारी तो एकटाच, म्हणून भाषांतर त्यानेच केलं. पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्या मुलाला नळीचा एकच अर्थ माहीत होता. त्याच्या आजोबांकडे म्हणे भिंतीवर एक दुनळी टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांना फाटकावरच अडवलं. पहारेकऱ्याने त्यांचा डबा उघडून भाकरीची घडीसुद्धा उलगडून बघितली. हातात आरोपपत्र ठेवलं: कामगारांना शस्त्रं जमवण्यासाठी चिथावणं. चौकशी होईपर्यंत निलंबन, आणि दोष सिद्ध झाला तर बडतर्फी. अण्णांची नोकरी संपायला थोडीच वर्षं उरली होती. बडतर्फ झाले असते तर इतक्या वर्षांच्या कामाचं जे काही हाती येणार होतं ते गेलं असतं, आणि त्या वयात बोम्मसंद्र्यात कुणी दुसऱ्यांदा उभं करत नाही. हे अक्कांनी मला सांगितलं. अण्णा तेवढ्या वेळात आरोपपत्राचं मराठी करत होते.

चौकशीसाठी कंपनीने बाहेरचे एक वकील नेमले होते. बसवनगुडीचे, पांढऱ्या मिशांचे, धारवाडला बरीच वर्षं काढलेले. कामगाराला आपल्या बाजूने बोलायला एक सहकारी आणता येतो. अण्णांनी मला आणलं. मी भाषण तयार केलं होतं. त्यात मजुरांचा इतिहास होता, भाषेचं राजकारण होतं, आणि शेवट असा होता की टेबलावर मूठ आपटणं भागच पडावं. अक्कांनी आम्हाला फाटकापाशी सोडलं. “जरा इंग्रजीत सांगा,” त्या अण्णांना म्हणाल्या. “सिलिंडर म्हणा, घरी या.” आणि स्कूटर सावलीत लावून पेपर तपासत बसल्या.

खोलीत वकील, बिननळी साहेब, अण्णा आणि मी. साहेबाने भाषांतर वाचलं. इंग्रजीतून वाचलेलं ते पुन्हा मराठीत आणलं तर साधारण असं होतं: एकनळी वापरताना हात थरथरतो, त्यामुळे लांबचा नेम लागत नाही. चौनळी श्रीमंतांच्या मुलांची, ती वापरणाऱ्यावरच उलटते. आम्हाला दुनळी द्या, जी पहिल्या ठिणगीला पेट घेईल, गर्दीत लपवून नेता येईल, हमरस्त्यावर सोडता येईल. ती संघटनेच्या खोलीत ठेवू आणि साहेबाच्या दारापर्यंत जाऊ.

साहेब ‘साहेबाच्या दारापर्यंत’ला जरा अडखळला. त्याचा फ्लॅट तळमजल्यावर होता.

वकिलांनी पत्रक स्वतःकडे ओढलं. “ननगे स्वल्प मराठी गोत्तु,” ते म्हणाले, मला थोडं मराठी येतं, आणि ओठ हलवत ते वाचू लागले. मग त्यांनी मान वर केली. “अण्णा, ही दुनळी. पेट्रोलवर चालते?”

“मग कशावर चालणार ओ?”

“आणि थरथर म्हणजे वायब्रेशन?”

“एकनळीची. एक दट्ट्या खाली गेला की त्याला सावरायला दुसरा नाही. धक्का सरळ हँडलला.”

वकिलांच्या मिशा हलल्या. “माझी एकनळीच आहे,” ते म्हणाले. “धारवाडपासून. ती थरथरते हे मान्य. पण तिला खिळखिळी म्हणणं मला मान्य नाही.”

“मी नाही म्हटलं. हा म्हणतो,” अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

पुढचा बराच वेळ चौकशी दुनळीच्या दोन नळ्या शेजारी शेजारी असाव्यात की व्हीसारख्या फाकलेल्या, यावर चालली. फाकलेलीचा आवाज भरदार, पण मागची नळी आपल्या पायाखाली तापते, असं वकिलांचं म्हणणं पडलं. मी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. बिननळी साहेबाचा चेहरा हळूहळू कळत गेल्यासारखा होत गेला आणि मग लाल झाला. जनरल मॅनेजरला त्याने बंदुकांचा ईमेल पाठवला होता. त्याच्या प्रती मुंबईपर्यंत गेल्या होत्या.

पण तो मुलगा आवाज न करता वळणं घेणारा होता. त्याने एक टंकलेला कागद पुढे सरकवला.

“फाइन. मिसअंडरस्टँडिंग झालं, आपण क्लोज करू. अण्णा, तुम्ही फक्त इथे साइन करा. ‘संघटना दुनळीची मागणी आणि तिच्याशी संबंधित सर्व बाबी मागे घेत आहे.’ उद्यापासून जॉइन व्हा.”

मी कागद वाचला. ‘संबंधित सर्व बाबी.’ पत्रकाची शेवटची ओळ बसची होती. सही केली की जी मागणी कधी आलीच नव्हती, ती मागे घेतल्याची नोंद मात्र पक्की होणार होती. मी अण्णांच्या कानाशी लागलो. अण्णांनी मला हाताने थांबवलं. त्यांना कळलं होतं.

“नाही केली तर?” त्यांनी विचारलं.

“मग चार्ज तसाच राहील. पॅनिक क्रिएट केलंत ना तुम्ही. मग टर्मिनेशन... म्हणजे माझ्या हातात नाही राहणार.”

खिडकीतून फाटक दिसत होतं. अक्का स्कूटरवर बसून कुणाच्या तरी गणितावर लाल फुली मारत होत्या. अण्णांनी तिकडे बघितलं. ज्या माणसाने फोडणीचं तेल ठरवलं नव्हतं, त्याला आता आपली नोकरी आणि बायांची बस यांतून एक ठरवायचं होतं, आणि वकिलांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

“लिहून घ्या,” अण्णा वकिलांना म्हणाले. “संघटना दुनळीची मागणी मागे घेते.”

साहेब खुर्चीत सैलावला.

“विचारांती आमचं मत बदललं आहे. ते बदलत असतं, कारखान्यात कुणालाही विचारा. एकनळी नको, दुनळी नको. ‘संबंधित बाबी’ म्हणालात ना? हीच ती बाब. सर्वोपयोगी गाडीचा प्रश्न पूर्ण अभ्यासून संघटना या चौकशीसमोर लेखी मागणी करते की,” आणि इथे ते उभे राहिले, “आम्हाला सहानळी हवी.”

साहेब ताठ झाला. “सिक्स बॅरल?”

वकील आधी हुंकारले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. “अय्यो,” ते डोळे पुसत म्हणाले. “बस्सु री! बस्सु! सहा सिलिंडर. बसचं इंजिन.”

“थरथर नाही,” अण्णा शांतपणे म्हणाले. “दोघांपेक्षा जास्त माणसं बसतात. गर्दीत, हमरस्त्यावर, खेड्यात, सगळीकडे चालते. शिवाय मला चालवावी लागत नाही. इतकी वर्षं मी चुकीच्या दुकानाबाहेर उभा होतो.”

“सर, हे रेकॉर्डवर नका घेऊ,” साहेब म्हणाला.

“मी चौकशी अधिकारी आहे,” वकील म्हणाले. “कामगार जे बोलतो ते मी घेतोच.” आणि त्यांनी ते शब्द न शब्द लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली, आणि पिशवीतून आपला शिक्का काढून त्यावर मारला. त्या खोलीत शिक्क्याचा आवाज किती गोड वाटला म्हणून सांगू. टंकलेल्या कागदावर कुणी सही केली नाही. शेवटी वकिलांनी निर्णय दिला: शस्त्रांचा आरोप सिद्ध होत नाही, कामगाराने यापुढे द्व्यर्थी शब्द टाळावेत, एवढी ताकीद.

बाहेर आल्यावर अक्कांनी विचारलं, “सिलिंडर म्हणालात का?”

“वकील म्हणाले,” अण्णा मागे बसत म्हणाले. “मी नाही.”

नोंद झालेली मागणी नाकारायलाही कारण नोंदवावं लागतं, आणि मुंबईहून त्या ईमेलबद्दल विचारणा चालूच होती. थोड्याच दिवसांत कंपनीने बस सुरू केली. अर्थात कंपनीने दिली म्हणजे कंपनीसारखीच दिली: लहान, अर्ध्या लांबीची, पडदे लावलेली. पहिल्या दिवशी बाया फाटकापाशी नटून आल्या होत्या. कुणीतरी पुढच्या काचेला झेंडूचा हार घातला. अण्णांनी बसच्या नाकावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मग त्यांनी डोळे उघडले.

“चौनळी आहे,” ते म्हणाले.

“असू दे की अण्णा,” मी म्हणालो.

“आपण सहा मागितल्या होत्या. नोंद आहे.” त्यांनी आत चढून मधला दांडा धरला. “मी येतो. पण बसणार नाही. बसलो की मान्य केल्यासारखं होतं.”

ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट सगळ्यांनी त्यांच्यासाठी ठेवली होती. अण्णांनी तिच्यावर चौथ्या पत्रकाचा गठ्ठा ठेवला, ताजा छापलेला, मथळा ‘चार म्हणजे सहा नव्हे’. आणि ते उभे राहिले. अण्णांनी ती सीट कधीच घेतली नाही. निवृत्त होईपर्यंत ते त्या बसमध्ये रोज असेच उभे राहिले. मीही निषेध म्हणून पहिला आठवडा त्यांच्या शेजारी उभा होतो. मग तत्त्वाला पाठदुखी लागली. संघटनेने मोटारसायकल अजून घेतलेली नाही. एकनळीवाले आणि दुनळीवाले अजून वेगळा चहा घेतात.

पण तो पहिला दिवस. बस गच्च भरली. सगळ्यांत शेवटी ती बिदरची बाई चढली. एकच सीट रिकामी होती आणि तिच्यावर गठ्ठा.

“अण्णा, उचला.”

“ती जागा संघटनेची आहे.”

“मी कुणाची आहे मग?”

अण्णांनी गठ्ठ्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं. बस हलली. बाईने पदर खोचला आणि सरळ त्या गठ्ठ्यावर बसली, ऐसपैस, मांडी ठोकून.

“म्हटलं नव्हतं मी?” ती म्हणाली. “तुमच्या पत्रकावर बसूनच घरी जावं लागणार.”

सगळी बस हसली. ड्रायव्हरला कळलं नाही, तरी तोही हसला. अण्णांनी मात्र डोळे मिटले होते आणि एक तळवा ड्रायव्हरच्या डाव्या खांद्यावर ठेवला होता.

“कै तेगीरी अण्णा,” ड्रायव्हर म्हणाला. हात काढा.

“स्वल्प थांब,” अण्णा म्हणाले.